पैसा मार्चचा, पाऊस जूनचा

परदेशांना मदत देणारी अमेरिकेची यूएसएड ही सरकारी संस्था 1 जुलै 2025 रोजी अधिकृतपणे गुंडाळली गेली. तेव्हापासून आफ्रिकेतल्या भुकेवर जो वाद रंगला आहे, तो ऐकताना मला सारखं वाटतं की भांडण भलत्याच बांधावर चाललं आहे. एक बाजू म्हणते, साठ वर्षं पैसा ओतला, काय पालटलं? आता त्यांचं त्यांना बघू द्या. दुसरी बाजू म्हणते, माणसं मरताहेत, मदत होती तशी ताबडतोब सुरू करा. दोघंही बोलतात ते फक्त रकमेवर. पैसा कुणाच्या हातात द्यायचा, वर्षाच्या कोणत्या महिन्यात द्यायचा आणि तो कशावर खर्चायचा हे कुणी ठरवायचं, हे प्रश्न कुणी काढतच नाही. 2024 मध्ये आफ्रिकेत 30 कोटी 70 लाख लोक भुकेले होते, म्हणजे दर पाचांत एक, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. अशा वेळी मदत तोडणं हा क्रूरपणाच आहे. पण ती होती तशी जोडणं ही चूक ठरेल. माझं म्हणणं असं की, अन्नसुरक्षेसाठी येणाऱ्या पैशाचा मोठा वाटा तिथल्याच माणसांनी उभ्या केलेल्या आणि तिथेच राहणाऱ्या लहान संस्थांकडे थेट गेला पाहिजे, चार-पाच वर्षांच्या खात्रीनं गेला पाहिजे, आणि खर्चाचा निर्णय त्यांच्यावर सोडला पाहिजे.

हे काही मला एकटीलाच सुचलेलं नाही. मे 2016 मध्ये इस्तंबूलच्या जागतिक परिषदेत बड्या देणगीदारांनी आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी शब्द दिला होता की, 2020 पर्यंत आपत्तीच्या मदतीतला 25 टक्के पैसा शक्य तितक्या थेटपणे स्थानिक संस्थांना देऊ. प्रत्यक्षात थेट पोचणारा वाटा एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या टक्क्यांच्या पुढे गेलाच नाही. 2021 मध्ये यूएसएडनंही चार वर्षांत 25 टक्क्यांचं वचन दिलं आणि गाडी 10 टक्क्यांच्या आसपास अडकली. उरलेला पैसा जातो कसा? आधी बड्या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे, तिच्याकडून राजधानीतल्या कार्यालयाकडे, तिथून उपकंत्राटदाराकडे आणि शेवटी गावातल्या संस्थेकडे. मातीच्या लांब पाटानं पाणी न्यायचं म्हटलं की निम्मं पाणी पाटच पितो, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. शेवटच्या संस्थेला मिळतात ते कामाचे मोजके पैसे. कार्यालयाचं भाडं, हिशेबनीसाचा पगार, मोटरसायकलचं पेट्रोल याला बजेटमध्ये हेडच, म्हणजे खर्चाचं खातंच, नसतो. मग तीच संस्था ‘कच्ची’ ठरते, आणि कच्ची म्हणून पुढच्या वेळी पुन्हा पाटाच्या शेवटाला ढकलली जाते.

निर्णय कुणाच्या हाती आहे यानं किती फरक पडतो, हे मी एकाच पिकाच्या दोन गोष्टींवरून सांगते. पीक भुईमुगाचं. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला खाद्यतेलाची टंचाई होती. सरकारनं ठरवलं की टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, लाखो एकरांवर भुईमूग घ्यायचा. 1947 मध्ये कोंग्वा इथं काम सुरू झालं. लढाईतले रणगाडे कापून त्यांचे ट्रॅक्टर केले. बाओबाबची अजस्र झाडं उपटताना यंत्रं मोडली. उन्हाळ्यात तिथली चिकणमाती विटेसारखी टणक झाली आणि जमिनीतल्या शेंगा जमिनीतच राहिल्या. त्या मुलखातले गोगो लोक पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळाशी झुंजत आले होते. पाऊस तिथं कसा दगा देतो हे त्यांना पाठ होतं. त्यांना विचारण्याची गरज लंडनला वाटली नाही. 1951 मध्ये योजना मोडीत काढली तेव्हा 3 कोटी 60 लाख पौंड बुडीत खाती टाकावे लागले. त्या योजनेचा हेतू आफ्रिकेचं पोट भरण्याचा नव्हता, हे खरं. पण दूर बसून आखलेली शेती कशी फसते, याचं एवढं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

दुसरी गोष्ट उत्तर मलावीतल्या एक्वेंडेनीची. तिथल्या मिशन रुग्णालयात एस्थर लुपाफ्या नावाच्या परिचारिका काम करत. कुपोषित मुलं यायची, उपचारानं सावरायची, घरी जायची. पण घरी काय होतं? मक्याच्या पिठाचं न्सिमा, दोन्ही वेळा. खतावरचं सरकारी अनुदान आटलेलं, खताचं पोतं हाताबाहेर गेलेलं, सतत मका घेऊन जमीन दमलेली. 2000 च्या सुमारास लुपाफ्या आणि कॅनडाच्या संशोधक रेचल बेझनर कर यांनी काही गावांतल्या मोजक्या शेतकऱ्यांना बरोबर घेतलं. भुईमूग आणि तूर एकत्र पेरायची, शेंगा काढून पाला जमिनीत गाडायचा, पुढच्या वर्षी त्याच रानात मका घ्यायचा. कोणतं वाण लावायचं, कोणतं सोडायचं हे गावांनीच निवडलेला शेतकऱ्यांचा संशोधन गट ठरवायचा. आपल्याकडचा शेतकरी म्हणेल, यात नवं ते काय? मला विशेष वाटतं ते पुढचं. शेंगा घरात आल्या तरी मुलांच्या ताटात येतातच असं नाही, हे बायकांनी लवकर ओळखलं. तान्ह्या मुलाला वरचं काय आणि कधी द्यायचं हे घरात आजी ठरवते, धान्य कधी विकायचं हे नवरा ठरवतो. मग आज्यांना चर्चेत बसवलं. गावात पाककृतींचे दिवस भरवले आणि त्या दिवशी पुरुषांनाही चुलीपुढं बसवलं. मुलांची वाढ सुधारल्याचं संशोधन 2011 मध्ये प्रसिद्ध झालं, आणि काम हजारो कुटुंबांपर्यंत गेलं. ‘आज्यांशी बोला’ हा मुद्दा जिनिव्हात किंवा वॉशिंग्टनमध्ये बसून कुणाच्या प्रपोजलमध्ये आला असता का?

यात परदेशी पैसा होता, परदेशी संशोधकही होती. बाहेरच्यांनी पाऊलच टाकू नये असं मी म्हणत नाही. काय पेरायचं आणि कुणाशी बोलायचं हे एक्वेंडेनीत ठरत होतं, एवढंच मी दाखवते आहे.

मलावीच्या तुरीशी आपला संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. 2017 मध्ये भारतात तूर उदंड पिकली, भाव कोसळले आणि सरकारनं आयातीवर मर्यादा घातली. इकडच्या शेतकऱ्यासाठी ते रास्त होतं. पण त्याच तडाख्यात मोझांबिक आणि मलावीतल्या तुरीचे भाव पडले, कारण तिथला मोठा गिऱ्हाईक आपणच. ज्या कुटुंबांना तूर केवळ विकायची म्हणून लावायला सांगितलं गेलं होतं, त्यांच्या हाती काय उरलं असेल? ज्यांनी ती जमिनीसाठी आणि ताटासाठी लावली होती, त्यांचं निदान घरचं वरण तरी राहिलं.

आता आक्षेपांकडे येते, कारण ते हलके नाहीत. पहिला आक्षेप पैसे खाल्ले जाण्याचा. स्थानिक संस्था म्हणजे गावच्या पुढाऱ्याची, त्याच्या भावकीची, असं लोक म्हणतात, आणि महाराष्ट्रात वाढलेल्या माणसानं हे नाकारणं बरं दिसणार नाही. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केला, तेव्हा ती शेतकऱ्यांच्या हातातली संस्था होती. पुढच्या काळात राज्यातले किती कारखाने, किती जिल्हा बँका एकेका घराण्याच्या झाल्या हे आपण पाहिलं आहे. साहेल प्रदेशातही, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यातही, हाच अनुभव आहे. 1970-80 च्या दशकांत देणगीदारांनी तिथं गावोगाव धान्य बँका उघडून दिल्या. सुगीत धान्य साठवायचं, टंचाईत परवडेल अशा भावानं द्यायचं, अशी चांगली कल्पना. पण पुष्कळशा बँका बुडाल्या: उधारी वसूल झाली नाही, वजनदारांनी आपलीच पोती भरली, कित्येक गट तर पैसा येतोय म्हणूनच जन्मले होते. ‘स्थानिक’ म्हणजे आपोआप ‘गरिबांचं’ नव्हे. हे मला मान्य आहे.

पण मग मोठ्या संस्थांकडे पैसा दिला की तो सुरक्षित राहतो का? 2023 मध्ये इथिओपियात मदतीचं धान्य इतक्या मोठ्या प्रमाणावर भलतीकडे वळवलं गेल्याचं उघड झालं की, यूएसएड आणि संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम या दोघांना जूनमध्ये सगळ्या देशातलं वाटप थांबवावं लागलं. जगातली सगळ्यांत मोठी यंत्रणा, सगळ्यांत कडक ऑडिट, आणि तरीही हे घडलं. शिक्षा भोगली ती रांगेत उभ्या असलेल्यांनी. मोठी संस्थासुद्धा शेवटी गावात पोचते ती त्याच मुखियाच्या, त्याच कारकुनाच्या हातून. तिच्या कागदावर तो हात दिसत नाही, एवढाच फरक. लहान गटात पैसे खाल्ले गेले तर बुडतो एका गटाचा पैसा, आणि तो कुणी खाल्ला हे दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर कळतं. धान्य बँकांच्या अपयशातून मी जो धडा घेते तो असा: देणगीदारानं गट जन्माला घालू नयेत. आधीपासून काम करणारे, पैसा नसतानाही टिकलेले गट शोधावेत.

दुसरा आक्षेप, यांना हिशेब जमत नाही. या बाबतीत मी पाहिलेलं सांगते. मराठवाड्यातल्या एका लहान संस्थेची हिशेबाची वही मी काही वर्षं सांभाळत होते. बायकांच्या गटाला बियाणं हवं होतं, तूर आणि ज्वारीचं, घरचं वाण राखायला. फंडरकडे हेड होता तो ‘प्रशिक्षण’. पैसे आले फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, आणि 31 मार्चच्या आत संपवायचे. आम्ही तळपत्या उन्हात मंडप घातला, बॅनर लावला, जेवणं घातली, तीन प्रशिक्षणं उरकली. यूसी, म्हणजे पैसा ठरल्या कामावर खर्चल्याचं प्रमाणपत्र, बिनचूक गेलं, ऑडिटरचा एकही आक्षेप निघाला नाही. जूनमध्ये त्याच बायकांनी बियाण्यासाठी सावकाराकडून पैसे उचलले. त्यांच्यातल्या एक मावशी मला म्हणाल्या, “ताई, पैसा मार्चचा अन्‌ पाऊस जूनचा. मधी आमी काय करायचं?” मला त्यांना उत्तर देता आलं नाही. तो हिशेब दोष दाखवता येणार नाही इतका चोख होता आणि त्या बायकांच्या कामाला शून्य उपयोगाचा होता. आफ्रिकेतल्या लहान संस्थांना हिशेब जमत नाही असं कुणी म्हटलं की मला तो मंडप आठवतो. मलावीत खाण्याची ओढाताण होते ती नोव्हेंबर ते मार्च, साहेलमध्ये जून ते ऑगस्ट. देणगीदाराचं आर्थिक वर्ष यातल्या कुठल्या महिन्याकडे बघून चालतं?

बुर्किना फासोच्या यातेंगा भागात बर्नार लेदेआ वेद्राओगो यांनी 1967 पासून मोसी समाजाच्या जुन्या तरुणमंडळांतून ‘नाम’ गट उभे केले. पुढच्या दशकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कोरड्या हंगामातल्या कामांसाठी असा निधी उभारला, ज्यातला पैसा आधी योजना ठरवून बांधलेला नव्हता. बंधारा की विहीर की दळण्याचं यंत्र, हे गावांचे संघ ठरवत. म्हणजे आज ‘धाडसी प्रयोग’ म्हणून जे सुचवलं जातं, ते पन्नास वर्षांपूर्वी करून झालेलं आहे.

तिसरा आक्षेप पुराव्याचा, आणि तो मला सगळ्यांत गंभीर वाटतो. दान देणाऱ्याला विचारण्याचा हक्क आहे की माझ्या रुपयानं किती पोटं भरली? रोख रक्कम थेट कुटुंबांच्या हाती देण्याचे केनियातले प्रयोग शास्त्रशुद्ध मोजले गेले आहेत आणि त्यांचे निकाल चांगले आहेत. एखादा छोटा गट तसा पुरावा कुठून आणणार? द शेअर ट्रस्टच्या 2022 च्या अभ्यासात स्थानिक मध्यस्थ संस्थांमार्फत काम सुमारे 32 टक्के अधिक किफायतशीर पडू शकतं असं निघालं. पण हा आकडा मिरवायला मला आवडत नाही. त्यातली बरीचशी बचत स्थानिक कार्यकर्त्यांच्या कमी पगारांतून आणि तुटपुंज्या कार्यालयीन खर्चातून येते, आणि तो त्यांच्यावरचा अन्याय आहे.

माझं उत्तर वेगळं आहे. जे मोजलं गेलं नाही ते घडलंच नाही, असं मानलं तर साहेलमधली सगळ्यांत मोठी यशकथा आपल्या हातून निसटली असती. नायजरच्या मराडी भागात 1980 च्या दशकात टोनी रिनॉडो हे ऑस्ट्रेलियन कार्यकर्ते रोपं लावून लावून थकले होते. रोपं मरत होती. मग त्यांच्या ध्यानात आलं की तोडलेल्या जुन्या झाडांची मुळं जमिनीखाली जिवंत आहेत, फुटवे राखले की झाड उभं राहतं. पुढचं काम शेतकऱ्यांनी केलं, एकमेकांचं बघून. त्याआधी झाडावर मालकी सरकारची होती, म्हणून शेतकऱ्याला झाड नकोसं वाटे. ती पकड ढिली झाल्यावर तोच शेतकरी फुटव्यांना जपू लागला. सुमारे 50 लाख हेक्टरांवर झाडं परतली. जगाला याचा पत्ता लागला वीसेक वर्षांनी, उपग्रहाची छायाचित्रं पाहून. मोजणी जरूर व्हावी. पण तिचा खर्च देणाऱ्यानं करावा आणि धीर धरावा. तिसऱ्या महिन्यात तक्ता मागितला की मिळतो तो आमच्या मंडपाचा फोटो.

चौथा आक्षेप आकाराचा: तीस कोटी लोकांच्या भुकेपुढं वीस गावांची संस्था काय करणार? एकटी संस्था काही करू शकत नाही, हे उघड आहे. पण मोठं आखलं म्हणजे मोठं घडतं, हे तरी कुठं सिद्ध झालं? 2006 मध्ये बड्या प्रतिष्ठानांच्या पैशावर सुरू झालेल्या आग्रा (AGRA) या आफ्रिकेतल्या हरित क्रांतीसाठीच्या आघाडीनं 2020 पर्यंत 3 कोटी शेतकरी कुटुंबांचं उत्पादन आणि मिळकत दुप्पट करण्याचं ध्येय ठेवलं होतं. खुद्द देणगीदारांनीच करून घेतलेल्या 2022 च्या मूल्यमापनात ते गाठलं गेलं नसल्याचं दिसलं. याउलट यातेंगामधल्या गुर्गा गावच्या याकुबा सावाडोगो यांनी ‘झाई’ची जुनी पद्धत सुधारली. पाऊस पडायच्या आधी दगडासारख्या जमिनीत खड्डे खोदायचे आणि त्यांत शेणखत टाकायचं. खतावर वाळवी येते, तिच्या बोगद्यांनी माती भुसभुशीत होते, आणि पहिलं पाणी वाहून न जाता खड्ड्यातच मुरतं. जमिनीला पावसाआधी हात घातला म्हणून सुरुवातीला गावानं त्यांना वेड्यात काढलं. 1984 पासून ते वर्षातून दोनदा आपल्या अंगणात झाईचा बाजार भरवू लागले. शंभराहून अधिक गावांचे शेतकरी तिथं आपापलं बियाणं घेऊन येत आणि खड्डे बघून जात. एका गावचं काम असं दुसऱ्या गावी गेलं.

आणि सरकार? ते बाजूला राहावं असं मी मुळीच म्हणत नाही. आफ्रिकी राष्ट्रांनी 2003 मध्ये मापुतोत अर्थसंकल्पाचे 10 टक्के शेतीवर खर्चण्याचं ठरवलं, आणि बहुतेकांनी ते पाळलं नाही. त्याचा जाब त्यांना विचारलाच पाहिजे. पण चांगलं सरकारी धोरण येतं कुठून? आपली रोजगार हमी वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात छोट्या प्रमाणावर करून पाहिली, 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. त्याच दुष्काळात परदेशातून आलेली मिलो ज्वारी आणि सुकडी आपल्या वडीलधाऱ्यांनी खाल्ली. त्या अन्नानं जीव जगले, त्याचे उपकार आहेतच. पुढच्या दुष्काळात उपयोगी पडले ते मात्र त्या वेळी लोकांनी खोदलेले पाझर तलाव आणि बांधलेले बांध.

युद्धात आणि दुष्काळात जहाजभर धान्य लागतं, ते बचत गट आणू शकत नाही. जागतिक अन्न कार्यक्रमाची जागा कुणी लहान संस्था घेईल असं मानणं खुळेपणा होईल. पण सुदानकडे बघा. 15 एप्रिल 2023 ला युद्ध पेटलं आणि बहुतेक आंतरराष्ट्रीय संस्था खार्तूममधून बाहेर पडल्या. मागे राहिले ते मोहल्ल्यांतले तरुण-तरुणी. सुदानमध्ये ‘नफीर’ नावाची रीत आहे, हाक दिली की सगळ्यांनी मिळून एकाचं काम उरकायचं; आपल्या इर्जिकीची बहीणच. त्या रीतीतून इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स, म्हणजे मोहल्ल्यांतले मदत गट, उभ्या राहिल्या आणि गल्लीगल्लीत सार्वजनिक स्वयंपाकघरं पेटली. मोबाईलच्या बँक ॲपवर पैसे यायचे, बाजारातून मसूर आणि सरपण आणायचं, पातेलं चढवायचं, खर्चाच्या पावत्यांचे फोटो पाठवायचे. 2025 चा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार त्यांना मिळाला. पण त्याच वर्षीच्या जानेवारीअखेर अमेरिकेनं पैसा गोठवला, आणि पाटाच्या शेवटाला असलेली ही शेकडो स्वयंपाकघरं काही आठवड्यांत विझली. जी तगली त्यांतल्या कित्येकांनी बाजारातल्या व्यापाऱ्यांकडून धान्य उधारीवर उचललं. त्या व्यापाऱ्यांनी कुठला ऑडिट रिपोर्ट पाहिला होता? पातेलं कोण चढवतं आणि रांगेत कोण उभं असतं, हे त्यांना दुकानातून दिसत होतं. आफ्रिकेसाठी पैसा पुन्हा सुरू करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी पहिला हप्ता त्या स्वयंपाकघरांच्या नावे थेट पाठवावा, आणि त्यातून आधी बाजारातली ती उधारी फेडू द्यावी.